बन्सीच्या हाताची चव

कोल्हारच्या स्टँडसमोर बन्सीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, तर वर पत्रा, खाली बाकडी आणि मागं भट्टी. मध्ये तरटाचा पडदा. पडद्याच्या पुढं बन्सी आणि सारं गाव, पडद्यामागं बन्सीची बायको चांगुणा. चहा ती करायची, भजी ती तळायची. बन्सी फक्त कपबश्या नेऊन ठेवायचा. गावाला हे ठाऊक होतंच की! पण बोलायची वेळ आली की जो तो म्हणायचा, "बन्सीच्या हाताला चव हाय." आणि बन्सीही मान हलवून ते खुशाल पदरात पाडून घ्यायचा.

चांगुणा ते मनाला लावून घेत नव्हती. तिला पडद्याआड बसून गाव ऐकायला मिळायचं, तेच तिला फार होतं. कुणाच्या पोरीची सोयरीक जमली, कुणी कुणाच्या बांधावर कुऱ्हाड उगारली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाला पाडणार, सगळं तिला भट्टीशी बसल्या जागी कळायचं. बाईमाणसाला एवढं ऐकायला मिळतं कुठं हो! पाणवठ्यावरच्या बायका तिच्याकडून बातम्या घ्यायच्या.

बांगलादेशची लढाई संपली त्या हिवाळ्यात बन्सीचा धाकटा भाऊ राधाकृष्ण पुण्याहून रजेवर आला आणि त्याच्या अंगात आलं. "दादा, हे तरट-बिरट आता चालायचं नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात धूर जातो. पुण्यात असलं हॉटेल कुत्रंसुद्धा हुंगणार नाही." बन्सी भुलला. महिनाभर गवंडी, सुतार, रंगारी यांची नुसती धांदल. पुढं फरशी आणि आरसा बसला, तरट गेलं आणि तिथं पक्क्या विटांची भिंत उभी राहिली. भिंतीत कप सरकवण्यापुरती बारकी खिडकी, तिला लाकडी झडप, म्हणजे धूर पुढं जायला नको. गल्ल्यावर एक पितळी घंटी. एकदा वाजली की एक चहा, दोनदा वाजली की दोन. आणि त्याच भिंतीवर, चांगुणाच्या अगदी डोक्याच्या वर, फळी ठोकून तिच्यावर रेडिओ बसवला. सगळं झाल्यावर राधाकृष्ण रजा संपवून निघून गेला.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. आत चांगुणा जिवाचा कान करून बसली होती. मला सांगा, आपलं हॉटेल लोकांना कसं वाटलं हे ऐकायची हौस कुणाला नसते? पण रेडिओ भणभण करत होता आणि मध्येच टिंग, टिंग टिंग! त्यापलीकडं एक अक्षर कानावर पडेल तर शपथ.

दुपारी बन्सी जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हन्ली वो मान्सं?"

"चांगलं म्हन्ली."

"अवो, पर काय चांगलं म्हन्ली? कोन काय म्हन्लं?"

"चांगलं म्हन्ली म्हंजी चांगलं म्हन्ली. भाकर वाढ."

असा हा नवरा! कानानं हंडाभर ऐकायचं आणि घरी आणताना थेंब आणायचा. शेवटी तिनं दूध घालायला येणाऱ्या गोजरबाईला धरलं. गोजरबाईच्या तोंडात मिश्री असली तरी तिचं बोलणं काही अडत नसे.

"लई बोलत्यात गं," गोजरबाई उंबऱ्यावर फतकल मारून म्हणाली. "आरसा समद्यांला आवडला. काकासाहेब त्याच्याम्होरनं हालतच न्हाईत, मिशीच पिळत बसत्यात. उसाच्या गाडीवरचा सहादेव म्हन्तो, फरशीवर पाय ठेवायचा म्हंजी सासुरवाडीला गेल्यागत वाटतं, लई जपून ऱ्हावं लागतं. अन् ते हात धुवायचं भांडं भिताडाला टांगलंय न्हवं, त्यात येकानं च्याची बशी ठिवली हुती म्हनं."

चांगुणा पदर तोंडाला लावून हसली. "आनि च्या? च्याला काय म्हनत्यात, मावशी?"

गोजरबाईनं आधी मिश्री थुंकली. "खरं सांगू का चांगुने? च्याची चव गेली म्हनत्यात. बन्सीचा हात बिगाडला म्हनत्यात."

चांगुणानं तोंडावरचा पदर खाली घेतला.

मग जो तो वैद्य झाला. शामकांत गुरुजी म्हणाले, "बन्सी, कप बदललेस ना? चिनी मातीच्या जाड कपात चहा निवतो." बन्सीनं पुन्हा जुने कप काढले. काकासाहेब म्हणाले, पावडरीत भेसळ असणार. बन्सीनं पावडर बदलली. कुणीतरी म्हणालं, दुधात पाणी आहे. ते ऐकून गोजरबाई दारात येऊन अशी काही कडाडली, की विचारू नका. पण चव काही परत येईना. सहादेव आता रस्त्यापलीकडच्या टपरीवर उसाची गाडी उभी करू लागला. नवा कोरा आरसा, आणि त्यात बघायला एकटा बन्सी.

चांगुणानं चहाचा घोट घेऊन पाहिला. दुसऱ्यांदा घेतला. तोच चहा! तेच दूध, तोच हात, तेवढीच साखर. मग बिघडलंय काय? तिचं डोकं चालेना. भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात तेच.

एके दिवशी बन्सी खिडकीशी आला आणि खाली बघत बोलला, "सोमवारी संगमनेरवरनं आचारी येतूय. गडी मानूस हाय, मोठ्या हॉटेलात हुता. तू आता घरीच ऱ्हा. लई कष्टलीस. जरा बस की आरामात."

"आराम?" चांगुणाच्या हातातली पळी तशीच राहिली. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण डोळ्यांत पाणी आलं ते निराळंच. घरी काय होतं? चार भिंती आणि एक चूल. सासू-सासरे गेलेले, पोरगी सोनईला दिलेली. इथली भट्टी सुटली म्हणजे गाव सुटलं. ते तिला नको होतं, अगदी नको होतं.

शनिवारी सकाळी लाईट गेली. रेडिओ मुका झाला. आत अंधार दाटला म्हणून चांगुणानं उजेडासाठी झडप लोटली आणि वरवंटा टेकवून उघडी ठेवली. बऱ्याच दिवसांनी तिच्या कानावर गाव पडलं. मोटारीचा भोंगा, कुणाची तरी हाक, आणि मग दारात एक खोकला. कोरडा, खरखरीत, शेवटाला बारीक शीळ घालणारा. टपरी बंद होती म्हणून सहादेव नाइलाजानं इकडं आला होता.

घंटी वाजली, टिंग. चांगुणानं आधण ठेवलं आणि आपल्याच हाताकडं बघतच राहिली. हातानं आलं उचललं होतं. बत्त्यानं ठेचलंसुद्धा होतं.

"अगं बया!" ती पुटपुटली. "आलं कुनी सांगितलं मला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सहादेवानं जन्मात कधी आल्याचा चहा मागितला नव्हता. तो खोकायचा आणि पडद्यामागं तिचा हात आल्याकडं जायचा. तेवढ्यात बाहेर वहाणा कर्रकर्र वाजल्या. काकासाहेब! लगेच हात पावडरीच्या डब्याकडं वळला, चमचाभर जास्त, उकळून उकळून काळा करायचा. मग छत्री भिंतीला टेकल्याचा टक्क आवाज आणि एक ढेकर. शामकांत गुरुजी, पित्ताचं माणूस. त्यांना दूध जास्त आणि पावडर नुसती दाखवायची.

ती मटकन पाटावर बसली. इतकी वर्षं ती आवाज ऐकून चहा करत होती आणि तिचं तिलाच ठाऊक नव्हतं! भिंत उभी राहिली, रेडिओ बोंबलायला लागला, आणि सगळ्या गावाला एकाच घंटीचा एकच चहा जाऊ लागला. तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग ती उठली आणि तिनं तीन चहा केले, तीन तऱ्हेचे. बन्सी कप न्यायला आला तेव्हा बजावलं, "आल्याचा सहादेवभावजींना, काळा काकासाहेबांना, पांढरा गुरुजींना. अदलाबदल करू नगा." बन्सीनं भुवया चढवल्या, पण नेले.

ती खिडकीला कान लावून उभी राहिली. आधी एक भुरका. मग दुसरा, लांबलचक.

"आरं तिच्या!" सहादेव ओरडला. "बन्सी, ह्यो खरा च्या!"

"आला, हात परत आला लेकाचा!" काकासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "वाटलं, तुजा हात त्या भिताडात चिणला का काय!"

"वा! बन्सी, तुझ्या हाताची चव ती तुझ्याच हाताची," गुरुजी म्हणाले.

आता बोलतील, चांगुणाला वाटलं. आता तरी हे बोलतील.

"म्या म्हनत न्हवतो का," बन्सी खाकरून म्हणाला, "पावडर बदलली की समदं जाग्यावर येतंय."

झालं! इतकी वर्षं तिनं हे हसून सोडलं होतं. पण परवा तिला घरी बसवणारा माणूस आज तिचाच चहा मिरवत होता, आणि ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं. तिनं चिमट्यानं रिकामं पातेलं बडवलं. ठण! ठण! ठण! पुढची बोलणी जागच्या जागी थांबली. खिडकीतून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत हिरवा चुडा, बोटाला भाजल्याचा जुना डाग, आणि त्या हातात एक कप.

"घ्या," आतून चांगुणा म्हणाली. "तुमचा च्या. बिनपावडरीचा."

बन्सीनं कप घेतला. आत नुसतं गरम पाणी होतं. त्यानं पाण्याकडं बघितलं, मग हाताकडं. हात तिथंच होता, मागं जाईना. तिघंजण टक लावून बघत होते. बन्सीनं कप गल्ल्यावर ठेवला.

"काकासाहेब," तो म्हणाला, "हात ह्यो हाय. च्या हीच करती. पयल्यापास्नं. मला आधनसुदीक ठिवता येत न्हाई."

सहादेव खिडकीशी वाकला. "पर वैनी, मला आलं लागतं हे तुमाला कसं कळलं? म्या तर कदी बोललो न्हाई."

"तुमी खोकता की वो, भावजी. काकासाहेबांच्या वहाना वाजत्यात, गुरुजींची छत्री वाजती. म्या समदं आयकते. तरटामागनं समदं आयकू येत हुतं."

"समदं?" काकासाहेबांचा हात मिशीवरच थांबला. त्यांच्या डोळ्यांपुढून काय काय सरकलं असेल ते तेच जाणोत. सोसायटीची मतं, जावयाची भानगड, थोरल्या भावाला बांधावरून दिलेल्या शिव्या. "म्हंजी सूनबाई, इतकी वर्सं आमी हितं जे जे बोललो..."

"समदं, काकासाहेब."

गुरुजींनी छत्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आरशात तिघांची तोंडं दिसत होती, पण आज आरशाकडं बघायला कुणालाच सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी बन्सीनं संगमनेरच्या मोटारीबरोबर आचाऱ्याला निरोप धाडला, येऊ नको. रेडिओ उचलून घरी नेला. झडप बिजागऱ्यांसकट काढली आणि खिडकीला तरटाचा तुकडा लावला. लावताना चांगुणाकडं न बघता त्यानं विचारलं, "तुला कसं वाटलं गं नवं हॉटेल?" तो हे पहिल्यांदाच विचारत होता.

"आता चांगलं हाय," चांगुणा म्हणाली.

तेवढ्यात तीच तिघं आली. दबकत, चोरासारखी. वहाणा बाहेर काढलेल्या, छत्री काखेत, बोलणं नुसतं कुजबुज. घंटी वाजली, टिंग टिंग टिंग. चांगुणानं कान दिला. काहीच ऐकू येईना. तिनं तीन चहा धाडले, तिन्ही सारखे, बेचव.

काकासाहेबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. काकासाहेब उठले, बाहेर जाऊन वहाणा घालून आले आणि कर्रकर्र वाजवत अख्ख्या हॉटेलात एक फेरी मारली. गुरुजींनी छत्री टक्क आपटली. आणि सहादेव तरटाकडं तोंड करून असा दणदणीत खोकला, की स्टँडवरचा कंडक्टर वळून बघायला लागला.