सहा सर्व्हरची सरासरी

रुग्णवाहिकेसाठी आलेले फोन घेणाऱ्या त्या कचेरीत धाकटा दीर वरच्या मजल्यावर सहा सर्व्हर सांभाळायचा आणि त्याची वहिनी खाली फोन घ्यायची. घरी ती त्याला जेवायला वाढायची, इथे तो तिला ऐकवायचा.

"भावोजी, आजही स्क्रीन अडकतोय. नोंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही, ठाऊक आहे ना?"

"वहिनी, सहांचा मिळून भार चाळीस टक्के. सर्व्हर जांभया देतायत. तुमचंच बोट जड झालं असेल."

साहेबांना एकच आकडा लागायचा, तोही हिरवा. म्हणून याने पडद्यावर फक्त सरासरी ठेवलेली. पाच भाऊ लोळत पडले आणि सहावा राबून मेला, तरी सरासरीत ते घर सुखीच दिसतं. पण हिरव्या आकड्यापुढे एवढा विचार करतो कोण?

दुपारी वहिनी जिना चढून वर आली, हेडफोन गळ्यातच. "सगळे फोन नाही अडकत. ज्यांना पत्ता सांगता येत नाही, त्यांचेच अडकतात. घाबरलेले, परगावचे. नोंद झाली की फोनवरून जागा सापडते, पण नोंदच होत नाही. आम्ही आपले पुन्हा पुन्हा बटण दाबतोय."

त्याचं हसू ओठावरच राहिलं. विभागाच्या क्रमांकाप्रमाणे नोंदी सर्व्हरवर वाटायच्या, हा नवा नियम त्याचा. विभाग कळला नाही तर शून्य टाकायचं, हेही त्याचंच. मग सगळी शून्यं एकाच सर्व्हरच्या बोकांडी बसणार, दुसरं काय होणार?

त्याने सहाही आकडे वेगवेगळे उघडले. पाच निवांत. चौथा शंभरावर, मागे नोंदींची ही रांग.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"मी नियम बदलला तेव्हापासून."

"आणि मी रोज सांगत होते."

त्याने बिनपत्त्याच्या नोंदी सहाही सर्व्हरवर विखरून टाकल्या. चौथ्याचा आकडा उतरला, रांग मोकळी झाली आणि अडकलेल्या नोंदी खाली धडाधड पडद्यावर आल्या. वहिनी पळत गेली, मागोमाग तो.

तिने पहिला नंबर लावला. "जागा सापडली. गाडी निघालीय, धीर धरा."

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, सावकाश या. आता घाई नाही."

वहिनीने पायाने शेजारची खुर्ची त्याच्याकडे ढकलली आणि दुसरा हेडफोन पुढे केला.

"बसा. पुढचा तुम्ही लावा."