हनुवटीवर, थोडं डावीकडं

घनसावंगीत कल्याणचं फोटोचं दुकान आहे. त्यातला मॉनिटर सात महिन्यांपासून एका जागी बिघडला होता. पडद्याच्या मधोमध, जरा खाली, तीन पिक्सेल एकाला एक लागून हिरवे होऊन बसले होते. खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका. लग्नाचा अल्बम उघडा, वाढदिवसाचं बॅनर उघडा, तो आपला तिथंच. कल्याणनं सगळं करून पाहिलं. भराभर रंग बदलणारा व्हिडिओ लावून तीन दुपारी पडदा लुकलुकत ठेवला. ओल्या फडक्यात पेनाचं टोपण गुंडाळून हलकेच दाबलं. शेवटी कंपनीला फोन केला. उत्तर आलं:

पाचपेक्षा कमी ठिपके असल्यास तो दोष धरला जात नाही.

म्हणजे अजून दोन बिघडायची वाट बघा. कल्याणनं वाट बघणंही सोडलं. पुढं पुढं त्याला तो ठिपका दिसायचाच बंद झाला.

जे झालं ते ठिपका असा दिसेनासा झाल्यामुळं झालं.

•

काकासाहेब आले ते मंगळवारी दुपारी. बायकोची, सोनूबाईची, तेरवी दुसऱ्या दिवशी होती आणि हार घालायला घरात फोटो नव्हता. नातवाच्या जावळाच्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेला एक होता. त्यात अकरा माणसं, मागच्या रांगेत कडेला ती. फ्लॅशनं चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला.

"एवढा एकच हाय का, काका?"

"एकच. फोटोचं नाव काढलं की चुलीपाशी जाऊन बसायची."

कल्याणनं चेहरा कापून घेतला, डोळे उजळले, पदर सारखा केला. मग तो पडद्यावर मधोमध आणला. काकासाहेब खुर्चीतून पुढं झुकले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्याच डोळ्यानं बघत राहिले.

"गोंदण आलं! मोबाइलात दिसत न्हवतं. तुझ्या मशीननं बराबर हुडकलं."

कल्याण प्रिंटरात कागद घालत होता. गिऱ्हाईक खूश आहे, एवढंच त्याच्या कानांनी घेतलं. "हां काका," तो म्हणाला.

प्रिंट निघाली. काकासाहेबांनी ती उजेडाला धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ही कोण?"

"म्हंजे?"

"तिथं गोंदण हाय," त्यांनी पडद्याकडं बोट केलं, "हितं न्हाई. पुसलं व्हय रे तू?"

तेव्हा कल्याणला इतक्या महिन्यांनी ठिपका दिसला.

गप्प बसून ब्रशनं एक ठिपका काढला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण गिऱ्हाइकाला दाखवून पटवायची त्याच्या हाताला सवय. डोकं चालायच्या आत हातानं माउस धरून फोटो सरकवला. सोनूबाईचा चेहरा डावीकडं, खाली निघाला आणि ठिपका

•

जागेवरच. आधी गालावर. मग कानावर. मग चेहरा पडद्याबाहेर गेला आणि नुसत्या पांढऱ्यावर हिरवा ठिपका एकटा उरला.

"हे माझ्या पडद्याचं दुखणं हाय, काका. गोंदण न्हाई."

काकासाहेबांनी पडद्यावरच्या ठिपक्याला बोट लावून पाहिलं.

"मंग खरं होतं का न्हाई तिला?"

"ते तुमीच सांगणार ना."

"होतं. बिलकुल होतं. हनुवटीवर, थोडं डावीकडं."

"त्यांच्या डाव्या, का आपल्या डाव्या?"

काकासाहेबांनी स्वतःच्या हनुवटीवर एका बाजूला बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

कल्याणनं ठिपका इकडं काढून दाखवला, तिकडं काढून दाखवला. दर वेळी ते "हां, हेच" म्हणायचे आणि लगेच मान हलवायचे. भरल्या घरात संसार झालेला. चार माणसांत बायकोच्या तोंडाकडं बघायची रीत नव्हती. ती ताट वाढायची, हे ताटाकडं बघायचे.

"हातावरलं इचार," ते एकदम म्हणाले. "मनगटावर तुळस. अंगठ्यापाशी तीन ठिपके. आंधळ्यानं काढून दाखवावं असं ध्यानात हाय."

"फोटोत हात न्हाईत, काका."

•

मग फोन. आवाज स्पीकरवर.

आधी मुलगा वसंता, जालन्याच्या एमआयडीसीतून. मागं लोखंडाची आपटाआपटी. "काय? गोंदण? आईच्या तोंडावर? बाबा, मी कामावर हाये... हातावर होतं ना? तोंडावरलं न्हाई आठवत. पत्रावळ्या आणल्या का?"

मग मेहुणी उषाबाई. "अवो दाजी, हनुवटीवर माझ्या हाय! अक्काला कपाळावर होतं, कुंकवाच्या खाली. आमी दोघी एकाच बाजारात गोंदवायला गेल्तो." ती हसली. "जन्मभर माझ्याच तोंडाकडं बघत व्हते का काय तुमी?"

इकडून कुणीच हसेना. तिकडचं हसू अर्ध्यात तुटलं आणि ती रडू लागली. काकासाहेबांनी फोन कसा बंद करायचा ते कल्याणला विचारलं.

"कपाळावर काढू?" कल्याण म्हणाला.

"कुंकू पुसून बघितलं असतं तर कळलं असतं मला." त्यांनी फोन खिशात घातला. "अकरा दिसाखाली न्हाऊ घालताना बायांनी पुसलं, मग मळवट भरला. तवा मी बाहेर बसल्तो."

"मंग?"

"ही पहिलीच, बिनगोंदणाची दे. हिच्यावर काही चूक तरी न्हाई."

कल्याणनं फ्रेम बसवून दिली. काकासाहेबांनी पिशवी उघडली. फोटोचं तोंड आतल्या बाजूला करावं की बाहेरच्या, हे त्यांना उभ्या उभ्या बराच वेळ ठरवता येईना.