शिडाच्या यॉटला रिक्षाची मोटर

लोक म्हणत्यात, बजरंगनं हात लावला की मेलेली मोटरबी उठून बसती. खोटं न्हाय ते. नळदुर्गला हायवेवर माझं जळक्या मोटरींचं वायंडिंग भरायचं दुकान हाय, आन चार वर्षं झाली बॅटरीच्या रिक्षाबी बघायलोय. म्हणून चाँदपाशा चाचा होडीला मोटर बसवायचं इचारायला आले, तवा पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच म्या हो म्हणून बसलो. माझी जीभच मेली तसली हाय.

चाचानं तीस वर्षं मुंबईत बड्या लोकांच्या शिडाच्या यॉटवर खलाशी म्हणून काढली. गावाकडं येताना मालकानं टाकून दिलेली एक जुनी यॉट ट्रकवर घालून आणली. अठरा फुटी. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची बोंब, आन हे जहाज घेऊन आले म्हणून गाव लई हसलं. म्याबी हसलो. पण चाचाला ती हौसेसाठी नको होती.

त्यांच्या बायकोचं, अजीजाचाचीचं, माहेर धरणात गेलंय. तिथलं कब्रस्तान तेवढं टेकाडावर होतं, ते आता पाण्यात बेट होऊन उभं हाय. त्यात चाचीच्या आईची कबर. चाचीच्या लिव्हरला गाठ झालेली. सोलापूरच्या डॉक्टरनं दोन महिने सांगितले होते. जायच्या आधी एकदा आईसमोर फातेहा पढायची, एवढंच तिच्या मनात होतं. त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात न्हाईत, पण होडीतनं पढायला कोण अडवतंय, असं चाचीच म्हणली होती.

"मंग शिडानं जावा की," म्या म्हणलं.

"शीड पोचवतंय रे, पण थांबवत न्हाय. टेकाडाच्या आडोशाला वारा पडतो आन होडी खडकावर जाती. तिथं पाच-दहा मिनिटं एका जागी धरायला मोटर पायजे. पाणी प्यायचं, म्हणून डिझेलला परवानगी न्हाय. आन तिला फातेहा पढताना फटफट नको."

धरणात मासं धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत्यात. त्याच्यावर आजारी बाई बसवणार कशी? मोटरच पायजे होती, आन ती बॅटरीचीच.

मंग म्या लागलो कामाला. मोडीतल्या रिक्षाची मोटर काढली, दांडा लांब केला, पंखा बसवला. खाली चार बॅटऱ्या. चारींचं मिळून सव्वाशे किलो वजन, होडी बसली की खाली. तवा म्या चाचाला म्हणलं, "ती डोलकाठी आन शीड काढून टाका. फुकटचं वजन, आन वाराबी अडवतंय."

 चाचा म्हणले, "राहू दे बजरंग. दुपारी वारा उठतो. जाताना-येताना शीड, आन थांबायला मोटर, असं माझ्या मनात हाय."

"चाचा, तुमचा जमाना गेला," म्या म्हणलं. "हीच मोटर रिक्षाला ऐंशी किलोमीटर जाती. बेट हाय दीड किलोमीटर. कशाला भ्यायलाव?"

तीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस. आन त्याला कोण शिकवायलंय? ज्याला पोहायला येत न्हाय तो. पण चाचीच्या घाईनं ते हो म्हणले. डोलकाठी आमी दोघांनी मिळून उतरवली.

सकाळी सातला पाणी निवांत असतंय. तसल्या पाण्यात म्या काठाकाठानं चक्कर मारून दाखवली. आवाज न्हाय, धूर न्हाय. दुसऱ्या दिवशी तसंच सातला निघायचं ठरलं. पण चाचीला रात्रभर उलट्या झाल्या, सलाइन लावलं, आन धरणावर यायला साडेअकरा वाजले. चाचा आभाळाकडं बघत म्हणले, "आज नको." चाची म्हणली, "उद्याचं कुणी बघितलंय जी? चला."

निम्म्यात गेलो आन वारा तोंडावर आला. रिक्षाचं एक असतंय, एक्सलेटर सोडला तरी ती आपल्या मतानं पळती. पाण्यात सोडला की होडी तिथंच थांबती, खेळ खलास. मोटर फुटाफुटाला करंट खाती, आन समोरनं वारा असला की तिप्पट. हे मला कुठं ठावं? मीटरचा काटा माझ्या डोळ्यादेखत खाली यायला लागला. म्या चाचीपासनं तो हातानं झाकला. असला म्या.

बेट दोनशे पावलांवर होतं. कबरीचा चुना दिसत होता. तिथं बॅटरी उतरली म्हणून कंट्रोलरनं कट मारला आन मोटर बंद पडली.

"बजरंग, आजून जरा चालव की रे," चाची म्हणली. "दिसायलीय बघ."

म्या बटण दाबलं, वायरी हलवल्या, बॅटरीला शिव्या घातल्या. होडी हळूहळू मागं सरकायला लागली. चाचानं एकच वल्हं होतं ते घेऊन मारून बघितलं, सत्तरीचा माणूस, दमून खाली बसला. शीड असतं तर वारा कापत वाकडंतिकडं का होईना, बेटापर्यंत गेलो असतो. ते दोघंबी हे बोलले न्हाईत. म्या मात्र मनात तेच म्हणत होतो.

"चाची, इथनंच पढा," म्या म्हणलं.

"इथनं तर मंग घरनंबी पढते रे रोज," ती म्हणली, आन पदर डोक्यावर घट्ट करून तिकडंच बघत बसली. वाऱ्यानं आमाला परत काठाला आणून टाकलं.

म्या त्याच दिवशी पुण्याला फोन करून लिथियमची बॅटरी सांगितली. हलकी, आन जोरबी जास्त. आठ दिवसांत देतो म्हणले. बावीस दिवस लागले. तोवर शीड लावून न्यावं म्हणलं, तर चाची खाटेवरनं उठत नव्हती. चाची एकोणिसाव्या दिवशी गेली.

बॅटरी आली म्हणून कळल्यावर चाचा दुकानात आले. म्या म्हणलं, "आत्ता बसवतो. डोलकाठीबी लावू. आपण दोघं जाऊ चाचा, तुमी पढा तिच्या वतीनं."

चाचानं खोक्यावर हात ठेवला आन उचलला.

"फातेहा म्या पढीन रे. पण तिला आईजवळ कायतरी बोलायचं होतं. चाळीस वर्षांत मला सांगितलं न्हाय तिनं. तिथं जाऊन काय सांगू म्या?"