कोऱ्या पानावरची सत्यभामा

"थांबा! लग्नाला उभं राहायच्या आधी त्या डाक्टरला चार शब्द सुनावले का नाय त्या सत्यभामेनं?" गोजरबाईने लसूण सोलता सोलता विचारलं.

"सुनावले की! लई सुनावले," कडुबा म्हणाले. त्यांच्या मांडीवर ब्रेलचं जाडजूड पाक्षिक उघडं होतं आणि बोट पानावरून सरकत होतं.

बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत वाचणारा माणूस म्हणजे कडुबा. जन्मापासून आंधळे, पण अंधशाळेत ब्रेल शिकलेले. पुढे सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांना वेत विणण्यात उमर गेली. गोजरबाईची नजर घारीसारखी, पण शाळेची पायरी ती कधी चढलेली नाही. त्यामुळे पोस्टमन पाक्षिकाचं पाकीट टाकून गेला, की आंधळ्या नवऱ्याने वाचायचं आणि डोळस बायकोने ऐकायचं, हा लग्नापासूनचा रिवाज. जगातल्या बातम्या, लोणच्याची कृती, क्रमशः कथा, सगळं तिला त्यांच्याच तोंडून कळलं. गल्लीतल्या बायकांना "आमच्या ह्यांनी वाचलंय" असं सांगताना तिचा तोरा बघण्यासारखा असे.

यंदा साखरेच्या आजाराने घात केला. कडुबांची बोटं बधिर झाली, ठिपके लागेनासे झाले. हे ठाऊक होतं फक्त सुनेला, विशाखाला. तिने त्याच पाक्षिकाचा बोलका अंक मोबाईलवर शोधून दिला.

"मामा, आत्यांना सांगून टाका ना. दोघं मिळून ऐका."

"नको गं पोरी. मोबाईलच वाचायला लागला, तर ती माझ्यापाशी कशाला बसंल?"

तेव्हापासून गोजरबाई भाजी आणायला गेली, की कडुबा मोबाईल कानाला लावून अंक ऐकायचे, आणि दुपारी पानावर बोट फिरवत, जुन्याच रुबाबात, तिला वाचून दाखवायचे. लबाडी खरीच, पण गोड होती.

आज मात्र सकाळपासून लाईट नव्हती. मोबाईल निम्म्यातच बंद पडला. कथेतली नर्स सत्यभामा एसटीत बसली, एवढंच कानावर पडलं होतं. पुढचं कडुबांनी मनानेच रचलं. तिला पाचोडला उतरवलं, तिथल्या डॉक्टरशी भांडायला लावलं आणि घाईघाईत तिचं लग्नही उरकून टाकलं.

गोजरबाई खुशीत ऐकत होती. सहज तिची नजर अंकावर गेली. शेवटचं पान होतं. वरच्या दोन-चार ओळींतच ठिपके संपले होते. खाली कागद सपाट, कोरा. आणि कडुबांचं बोट त्या कोऱ्या कागदावरून शिस्तीत चाललं होतं.

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली. मागे एकदा गरम पातेल्याला लागून त्यांचं बोट भाजलं होतं आणि त्यांना कळलंही नव्हतं, ते तिला आता आठवलं. किती दिवस हा माणूस हे एकटाच सोसत होता!

दारात उभ्या विशाखानेही ते पाहिलं. तिला राहवेना. "आत्या, लाईट आली की मी मोबाईलवर लावून देते तुम्हाला..."

"मोबाईलवरचं मला काय कळतंय? ह्यांनी वाचलेलंच मला कळतं," गोजरबाईने तिला तिथंच थांबवलं. मग हात पदराला पुसले, अंकाची पानं मागे उलटली, ठिपक्यांनी गच्च भरलेलं एक पान काढलं आणि नवऱ्याचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं.

"ह्या मेल्या पंख्यानं पानं उलटली बघा. इथनं वाचा."

पंखा सकाळपासून बंद होता, आणि ते कडुबांइतकं पक्कं त्या घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार! बराच वेळ त्यांनी बोट हलवलं नाही. गोजरबाईनेही त्यावरचा हात काढला नाही.

शेवटी त्यांनी घसा साफ केला. "कुठं होतो गं आपण?"

गोजरबाईने लसणाची सुपली पुन्हा पुढ्यात ओढली.

"लगीन तर लावून दिलं तुमी तिचं," ती म्हणाली. "आता नीट नांदवा."