ओढ्यापलीकडचं पाणी

मी चावी बोलतेय. हसू नका. तुमच्या कमरेला लटकते ना, कपाटाची, ती मी नव्हे. मी माणसाच्या छातीइतकी उंच आहे. लेचापेचा गडी मला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकाला पोचला की कमरेवर हात देऊन उभा राहतो. वर धरायला आडवी दांडी, खाली चौकोनी तोंड. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात नळाचा व्हॉल्व. त्याच्या डोक्यावर मला बसवायचं आणि फिरवायचं. मी फिरले की तुमच्या गल्लीत पाणी येतं, उलटी फिरले की जातं. आता सांगा, तिजोरीची चावी मोठी की मी?

माझा जन्म बन्सी लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका बैलगाडीचा आस होते. गाडी उलटली, आस वाकला आणि भंगारात पडला. बन्सीनं तो लाल करून ठोकून काढला. ठोकताना तो उन्हाला, बायकोला आणि नगरपालिकेला शिव्या देत होता. त्या माझ्यात मुरल्या असाव्यात, म्हणून माझी जीभ अशी.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, शेवगावकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. तिथल्या नगरपालिकेनं मला यशयाच्या हातात दिलं. यशया पाणी सोडणारा माणूस, राहायला ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत. सकाळी आधी पेठ, मग बाजारगल्ली, मग माळवाडा. ओढ्यापलीकडची पाळी संध्याकाळी, सगळ्यांचं झाल्यावर.

पाणी सोडण्याआधी यशया मला झाकणावर आपटायचा. ठण्ण! हा आमचा ठोका. तो ऐकला की बाया हातातलं काम टाकून हंडे घेऊन नळावर यायच्या. ठोका पडला म्हणजे पाणी येणार, हे गावात ठरलेलंच होतं. यशयानं खोटा ठोका कधी दिला नाही.

पेठेतली माणसं मोठी गोड. पाणी कमी आलं की यशयाला चहा पाजायची. फक्त त्याचा कप वेगळा असायचा, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. त्याच्या आज्यानं धर्म बदलला, तरी पेठेनं शिवाशिव सोडली नव्हती. तो स्वतःच घ्यायचा, स्वतःच धुवायचा, परत पालथा घालायचा. मी बाहेर भिंतीला टेकून हे रोज बघायचे आणि मनातल्या मनात बन्सीच्या शिव्या आठवायचे.

मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरचा उन्हाळा उजाडला तेव्हा तलावाचा तळ दिसायला लागला होता. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. आणि अशात आमच्या नगराध्यक्षांनी, आप्पासाहेबांनी, बाग करायला घेतली होती.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हे, बरं का. गाव हिरवं करायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हिरवळ पुण्याहून आणवली, कर्दळीचे कंद स्वतःच्या हातानं पुरले, कडुलिंबाची रोपं कुंपणाशी ओळीनं लावली. पहाटे उठून बागेत जाऊन एकेक पान निरखायचे. पण उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे यायचे ठरले आणि हिरवळ पिवळी पडायला लागली. मग नगरपालिकेची सभा बसली. यशयाला बोलावलं होतं, म्हणून मीही दाराशी उभी होते.

"पाहुणे येऊन जाईपर्यंत संध्याकाळची पाळी बागेला," आप्पासाहेब म्हणाले.

"अहो, पण ती ओढ्यापलीकडची पाळी आहे," पुष्पावतीबाई म्हणाल्या. सभेत बाईमाणूस त्या एकट्याच. "त्यांनी काय प्यायचं?"

"विहीर आहे की तिथं. आणि बाग काय माझ्या घरची आहे? सगळ्या गावाची आहे!"

सगळ्यांनी हात वर केले. पुष्पावतीबाईंचा हात तेवढा मांडीवरच राहिला.

त्या विहिरीत पाणी कसलं, गाळ होता. बाया फडक्यातून गाळून तोच पीत होत्या. यशया रोज संध्याकाळी बागेच्या फाटकापाशी यायचा. तिथं एकाच खड्ड्यात दोन व्हॉल्व होते, एक बागेचा, एक वस्तीचा. तो मला बागेच्या व्हॉल्ववर बसवायचा आणि मान खाली घालून फिरवायचा. मला वाटायचं, लेका, एकदा तरी शेजारच्यावर बसव! पण नोकरी गेली तर घर कशावर चालणार? घरी त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. सून फिलोमिना भाकरी पुढ्यात सरकवायची आणि तोंड फिरवायची.

पाहुणे उद्यावर आले आणि यशयाची नात मेरी उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. त्या विहिरीच्याच पाण्यानं, दुसरं काय? तिचा बाप तिला टांग्यात घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. पोरीचे डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. आणि यशयाला पाळी चुकवता येत नव्हती.

त्या संध्याकाळी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फाटकापाशी आला, मला उचललं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं झाकणावर आपटलं. ठण्ण!

त्याच्या लक्षात आलं तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं. बागेच्या पाण्याला ठोका लागत नव्हता. घाईघाईनं त्यानं बागेचा व्हॉल्व उघडला. पण पलीकडे वस्तीनं तो ऐकला होता. खडी फोडून नुकत्याच आलेल्या बाया हंडे घेऊन धावल्या. नळ कोरडा. थोडा वेळ वाट बघितली, मग सगळ्या ओढा ओलांडून बागेकडे आल्या. पुढं फिलोमिना.

बागेत आप्पासाहेब आणि पुष्पावतीबाई उद्याची तयारी बघत होते. शिपाई श्रीमंत रबरी पाइपनं हिरवळीवर पाणी मारत होता. बाया ओरडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. नळावर नंबर लावतात तसे एकामागं एक हंडे हिरवळीवर ठेवले आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?" आप्पासाहेब कडाडले.

"मामंजींनी ठोका दिलाय," फिलोमिना म्हणाली. "ठोका पडल्यावर पानी येतं. हितं आलंय, म्हून आमी हितं आलो."

आप्पासाहेबांनी यशयाकडे पाहिलं. तो मला धरून खड्ड्यापाशीच उभा होता.

"श्रीमंत, पाणी बंद कर. उचल ते हंडे, कुंपणाबाहेर ठेव."

श्रीमंतनं पाणी बंद केलं, पण हंड्यांपाशी जाईना. हात मागं बांधून उभा.

"अरे, ऐकू येत नाही का?"

"साहेब..." तो हळूच म्हणाला, "भांडी वस्तीतली हायत. माझ्या घरी समजलं तर... पोलिसांना बोलावू का?"

आता काय म्हणावं या कर्माला! ज्या विटाळानं या बायांना जन्मभर लांब ठेवलं, त्याच विटाळानं त्यांचे हंडे हिरवळीवर ठाण मांडून बसवले. कुणाची टाप नव्हती हलवायची. कुंपणाबाहेर पेठेतली माणसं जमली होती, त्यांतलंही कुणी आत आलं नाही.

"तो नाही तर तुम्ही उचला, आप्पासाहेब," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही तर भाषणात सांगता, आपण शिवाशिव मानत नाही."

आप्पासाहेब तरातरा पुढं गेले. वाकले. फिलोमिनाचा हंडा समोरच होता. हात काठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. भाषणात ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना तसं खरंच वाटायचं. हाताला कुणी विचारलं नव्हतं. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांचं तोंड लाजेनं काळं पडलं.

"उचलवत न्हाई ना, साहेब?" फिलोमिना म्हणाली. "ऱ्हाऊ द्या मग. हंडा नका उचलू. पानी तेवढं सोडा. माजी पोर दवाखान्यात हाय."

आप्पासाहेबांनी हात मागं घेतला.

"यशया," आप्पासाहेब म्हणाले, "सोड."

यशयानं मला वस्तीच्या व्हॉल्ववर बसवलं आणि जोर केला. व्हॉल्व हलेना! इतके दिवस बंद राहून गंजून धरला होता. त्यानं अंग टाकलं, पाय रोवले, गळ्याच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं मी मोडते आता.

"एकट्याचं काम न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "दुसऱ्या बाजूनं कुनीतरी धरा."

श्रीमंत आभाळाकडे बघायला लागला. कुंपणाबाहेरची माणसं एकमेकांकडे. आणि मग पांढऱ्या बाह्या सारत आप्पासाहेब आले. माझ्या दांडीचं एक टोक यशयाच्या हातात होतं, दुसरं त्यांनी धरलं. दोघांनी मिळून ओढलं. कर्रर्र करून व्हॉल्व सुटला आणि मी फिरले. फिरले हो! पलीकडून पोरांचा ओरडा आला, "पानी! पानी आलं!" बाया हंडे उचलून पळत सुटल्या.

मेरी वाचली. सलाईन लावलं, चार दिवसांत घरी आली. पाहुणे आले, मलूल हिरवळीवर उभे राहून हिरव्या गावावर बोलले आणि गेले. पुढच्या सभेत पुष्पावतीबाईंनी ठराव मांडला. पिण्याचं पाणी आधी, तेही सगळ्या वस्त्यांना सारखं, आणि झाडं नळांपाशी, सांडपाण्यावर. या खेपेला हात वर करणाऱ्यांत आप्पासाहेब पहिले. बागेतल्या कडुलिंबातले काही आता ओढ्यापलीकडे नळाशी वाढतायत. हिरवळ मात्र गेली, तिचं मला काडीचं दुःख नाही.

मी अजून कामावर आहे. तोंड थोडं झिजलंय, जीभ नाही. तुमच्याही गावात माझी एखादी बहीण असेल. तिचं पाणी शेवटी कुठं पोचतं, ते एकदा तिथं जाऊन बघा. एवढंच मागणं.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर आप्पासाहेबांनी विटाळ झाला म्हणून डोक्यावरून आंघोळ केली, असं श्रीमंत सगळ्यांना सांगत होता. केली असेल. पण दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निरोप देऊन ते पाळीच्या वेळेला पुन्हा फाटकापाशी आले.

"साहेब, व्हॉल्व सैल झालाय," यशया म्हणाला. "आता एकटा फिरवतो की मी."

"असू दे," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांनी माझं दुसरं टोक धरलं.