सैल वेटोळं

बाबा गेल्यावर आईला मूर्तिजापूरच्या घरी एकटं राहू द्यायला मी एकाच अटीवर तयार झाले. रोज संध्याकाळी तिनं मला व्हिडिओवर दिसायचं. दसऱ्यानंतर ती दिसेनाशी झाली. साधा फोन लागायचा, पण चेहरा नाही. शेवटी तिला घेऊनच यायचं ठरवून मी अमरावतीहून निघाले.

"दांड्या तर पुऱ्या दिसून राहिल्या," मी घरात शिरताच आईनं मोबाईल पुढे केला. "मंग चालत काहून नाही?"

"या वायफायच्या दांड्या आपल्या डब्यापर्यंतच्या, आई. डब्याच्या पुढचं त्या सांगत नाहीत."

"तुह्या बाबाले समजे हे."

बाबा भाजीचा मळा करायचे. इंटरनेटचा डबा बसला तेव्हा त्यांनी तो आईला मळ्याच्या भाषेत समजावला होता. बाहेरून एकच पाट येतो, डबा त्याच्या तोंडाशी दारं धरून बसतो. मोबाईलनं मागितलेलं मोबाईलच्या वाफ्यात, टीव्हीचं टीव्हीच्या. कोणी काय मागितलं ते तो ध्यानात ठेवतो, म्हणून सरमिसळ होत नाही.

आता डब्यावर लाल दिवा होता. म्हणजे पाटच कोरडा. वर वाळलेलं हळदीकुंकू, शेजारी आपट्याची पानं.

"यंदा आपल्याकडे सण नव्हता ना?"

"सण कुठी केला? पण मोटार, विळा, डबा, समद्याची पूजा ते करत. यंदा कोण करणार होतं?" मग डब्यामागे बोट दाखवून म्हणाली, "वायर लोंबत होती, ते बी नीट केली."

मी डब्यामागे पाहिलं. बाबांनी खिळ्यावर सैल सोडलेलं वायरीचं मोठं वेटोळं तिनं घट्ट घड्या घालून सुतळीनं आवळलं होतं. कोथिंबिरीची जुडी बांधतात, तसं.

त्या वायरीत केसाएवढा काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश धावतो. वळणावर तो वळतो, घडीवर मात्र बाहेर सांडतो. पाटाला कोपरा देऊ नये, पाणी तिथंच बांध फोडतं, असं बाबा मला लहानपणी सांगत.

तंतू तुटलाच असेल तर इलाज माझ्या हातात नव्हता. सुतळी सोडून मी वायर पूर्वीसारखी टांगली. आम्ही दोघी डब्याकडे पाहत उभ्या राहिलो. लाल दिवा विझला. जरा वेळानं हिरवा लागला.

"वायर लोंबते म्हणून मी त्याहिले किती बोलली," आई म्हणाली.

"मग ते काय म्हणायचे?"

"काही नाही. हासत."

दाराशी तिची भरलेली पिशवी होती. मी कशासाठी आले ते तिला न सांगता कळलं होतं. तिनं ती उघडली आणि लुगडी एकेक करून परत कपाटात ठेवली. मी अडवलं नाही.

"सांजच्याले फोन लाव," ती म्हणाली. "अन् ते सुतळी इकडे दे. मेथीच्या जुड्या बांधाच्या हायेत."