आवसेच्या दिवशी फ्रेंच सिनेमा

अंजूनं घरी सांगितलं होतं, क्लास हाय; आणि बसली होती कलबुर्गीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, प्रणेशच्या शेजारी, फुकटचा फ्रेंच सिनेमा बघत. एवढं धाडस कुठून आलं म्हणाल, तर सकाळी तिच्या वडलांचा, अण्णांचा, फोन आला होता. तूर घेऊन गंजात, धान्यबाजारात, आलोय, सौदा झाला की गावी निंबर्ग्याला परत, तुझ्या होस्टेलकडं येणं होणार न्हाई. मग काय, पोरीला रान मोकळं!

पडद्यावर पॅरिसची माणसं एकमेकांना धक्के देत चालली होती. एक कुलूपवाला, एक घटस्फोट घेतलेली जज्जीणबाई, एक नाचरा म्हातारा. सगळे एकाच कोपऱ्यावरून जायचे आणि कुणाचं कुणाला ठाऊक नाही. लोक हसत होते, अंजूही हसली. तेवढ्यात पडद्यावर ऊन पडलं, हॉल उजळला आणि पुढच्या रांगेत तिला अण्णांचं रुमाल बांधलेलं डोस्कं दिसलं.

 निंबर्ग्यात अण्णा, म्हणजे आप्पाराव, नुसते खाकरले तरी पोरं चिडीचूप व्हायची. परजातीच्या पोराबरोबर त्यांनी बघितलं की कॉलेज बंद आणि येत्या लगीनसराईत बोहल्यावर उभी!  बाजूच्या दारानं सटकू, प्रणेश कुजबुजला.

ती त्याच्या मागं दारापर्यंत गेलीही, आणि तिथंच थबकली. अगं बाई, आज तर अमावास्या! अमावास्येला गंजात सौदे निघत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फोनवर खुशीत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग अण्णा इथं कशाला आले? तिनं वळून बघितलं. रुमालाखाली, मानेवर पांढरी पट्टी होती. रस्त्यापलीकडं कॅन्सरचा दवाखाना होता.

 मघाची भीती ह्यापुढं काहीच नव्हती. प्रणेशला दाराशीच सोडून ती परत फिरली आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसली.

"अण्णा, आज आवस हाय," ती म्हणाली.

अण्णा पडद्याकडंच बघत राहिले. मानेवरच्या गाठीत सुई घालून तपासायला घेतलंय, संध्याकाळी बोलावलंय, तिथं बसवेना म्हणून इथं पंख्याखाली आलो, आईला सांगू नगं, असं तुटक तुटक बोलले. मग विचारलं,

"मघाशी तुझ्यासंगं दाराकडं गेलं, ते पोरगं कुटं हाय?"

अंजूनं दाराकडं बोट दाखवलं.

"त्याला बी बोलव. त्याचं काय ते मागनं बघू. आज मला लई भ्या वाटायलंय."

अण्णांच्या तोंडून हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती उठली आणि दाराशी उभ्या प्रणेशला हात करून बोलावलं.